घरच्या जिंजर बिअरचा कडवटपणा असा कमी केला

जळगावच्या उन्हाळ्यात घरी आंबवलेली जिंजर बिअर (आले, लिंबू आणि साखर यांचे फसफसते पेय) पहिल्या दिवशी गोड-तिखट लागे. बाटल्या भरून ठेवल्यावर मात्र घोट गिळल्यानंतरही रेंगाळणारी कडू चव तिला येई. घरच्यांना संशय होता तो त्यातल्या आल्याचा. म्हणून एकाच मिश्रणाचे दोन भाग केले आणि एकात लिंबू घातलेच नाही. तो भाग कडू झाला नाही, तेव्हा आले निर्दोष ठरले.

लिंबाच्या बिया आणि सालीखालचा पांढरा थर यांत असा घटक असतो, की जो आंबट द्रवात हळूहळू लिमोनिन या कडू द्रव्यात बदलतो. त्यामुळे ताज्या रसात जाणवत नाही ती चव काही तासांनी उमटते. त्यातच यीस्ट (पेय आंबवणारी सूक्ष्म बुरशी) साखर खात जाते, आणि गोडव्याखाली झाकलेला कडवटपणा उघडा पडतो.

आता लिंबू उकळत नाही. सालीचा फक्त रंगीत पापुद्रा किसून घेते, बिया काढून रस हलकेच पिळते आणि आल्याचे पाणी कोमट झाल्यावर गाळून मिसळते. तळाशी बसलेला यीस्टचा साकाही कडू असतो, म्हणून बाटलीत वरचेच पाणी ओतते. सासूबाईंनी सुचवलेले चिमूटभर मीठ उरलासुरला कडूपणा दाबते. हा उपाय मला सर्वांत स्वस्त वाटतो.

खानदेशी मे महिन्यात आंबण्याचा वेग फार असतो, त्यामुळे प्लास्टिकची बाटली दाबून कडक लागताच ती फ्रिजमध्ये ठेवावी. उशीर झाल्यास गोडवा संपतो आणि बाटली फुटण्याचा धोकाही असतो.