आई-वडिलांच्या नावानं ट्रस्ट काढताय? मग हे आधी ठरवा

घरात आई-वडिलांच्या नावानं काहीतरी करायचं ठरलं की सगळ्यांना पहिल्यांदा ट्रस्टच आठवतो. पण करायचं काय ते तर ठरवा. गावच्या हायस्कूलात दहावीत पहिल्या येणाऱ्याला दरवर्षी बक्षीस, एवढंच असेल तर ट्रस्टच्या भानगडीत पडूच नका, शाळेच्या संस्थेकडे त्यांच्या नावानं ठेव ठेवा, अटी लेखी घ्या, व्याजातून बक्षीस जातं, विषय संपला. पण मिरजेत पेशंटबरोबर आलेल्या नातेवाइकांची जेवणाची सोय करायचीय, जत-आटपाडीकडच्या मुलींची कॉलेजची फी भरायचीय, त्यासाठी बाहेरच्यांचेही पैसे घ्यायचेत आणि आपल्यामागंही हे चालू राहायला पाहिजे, तर मग ट्रस्ट.

आता एक गोष्ट भावंडांच्या डोक्यात आधी घाला, पैसे आपले आणि ट्रस्टी आपले म्हणून ट्रस्ट आपला होत नाही. तो पब्लिक ट्रस्ट, म्हणजे लोकांच्या कामासाठीचा असतो. पुतण्याची फी त्यातून भरली किंवा ट्रस्टची गाडी घरकामाला वापरली तर इन्कम टॅक्सची सूट धोक्यात. आणि जुनं घर भावनेच्या भरात लगेच ट्रस्टच्या नावावर करू नका, कारण नंतर विकायचं म्हटलं तर ट्रस्टच्या कायद्याच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची (ट्रस्टांवर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी) आधी परवानगी लागते आणि त्यात वेळ जातो. सुरुवात रोख ठेवीवर करा, घराचं नंतर बघता येतं.

डीड, म्हणजे ट्रस्टचे उद्देश आणि नियम लिहिलेला दस्त, वकिलाकडून करून घ्या, पण दुसऱ्याच्या डीडची कॉपी मारू देऊ नका. उद्देश जरा मोकळे ठेवा, शिक्षण, वैद्यकीय मदत, गरिबांना मदत असे, नाहीतर उद्या पूर आला (2019 चा सांगलीकर विसरलेले नाहीत) आणि मदत करायची म्हटली तर उद्देशातच बसत नाही. ट्रस्टी किती, मुदत किती, जागा रिकामी झाली तर कोण भरणार, चेकवर सह्या कुणाच्या, ट्रस्ट बंद पडला तर पैसे कुठल्या तशाच संस्थेला जाणार, हे सगळं स्पष्ट लिहा. बहिणींना ट्रस्टी करा, लग्न होऊन कोल्हापूरला गेली म्हणून तिचे आई-वडील बदलत नाहीत. आणि भावकीबाहेरचा एखादा घ्या, वडिलांचा मित्र किंवा रिटायर्ड मास्तर, म्हणजे मीटिंगमध्ये वाटणीचे जुने विषय निघत नाहीत.

नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली, जिल्ह्याच्या धर्मादाय ऑफिसात. ट्रस्ट झाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करायचा. डीड, सगळ्यांचे आधार-पॅन, संमतिपत्रं, ऑफिसच्या पत्त्यासाठी लाइट बिल आणि घरमालकाची ना हरकत अशी फाइल तयार ठेवा. नंबर मिळतो तो असल्या ट्रस्टचा ‘ई’ नं सुरू होतो. मग ट्रस्टचं पॅन, बँक खातं, आणि सीएला सांगून इन्कम टॅक्सची नोंदणी. ती आधी तात्पुरती मिळते, मुदतीत पक्की करून घ्यावी लागते, तारीख सीएच्या भरवशावर सोडू नका. देणगी 2000 रुपयांच्या वर रोखीत घेतली तर देणाऱ्याला देणगीवरची इन्कम टॅक्सची सवलत मिळत नाही, तेव्हा पावती फाडायच्या आधी चेक किंवा यूपीआय मागा.

दर 31 मार्चला हिशोब बंद, मग ऑडिट, हे बहुतेक जण करतात. राहतो तो चेंज रिपोर्ट. ट्रस्टी वारला, राजीनामा दिला, नवीन घेतला, की 90 दिवसांत धर्मादाय ऑफिसला कळवायचं असतं, आणि नेमकं दुःखाच्या दिवसांत हे कुणाला सुचत नाही, मग रेकॉर्डला जुनीच नावं आणि पुढचं प्रत्येक काम अडतं. म्हणून प्रोसिडिंग बुक, म्हणजे मीटिंगच्या नोंदींची वही, पहिल्या मीटिंगपासून नीट ठेवा: पानांना नंबर, ठराव, सूचक-अनुमोदक, आणि सह्या तिथल्या तिथं. पुण्याहून आलेल्या भावाची सही ‘पुढच्या वेळी घेऊ’ म्हणून ठेवू नका, चेंज रिपोर्टला नेमका त्याच ठरावाचा कागद लागतो.