पेत्राचे पहिले पत्र अभ्यासवर्गात कसे घ्यावे

मंडळीच्या अभ्यासवर्गात छळ आणि परागंदा जीवन हा विषय निघाला की सुरुवात बहुधा सिंहांच्या गुहेतल्या दानीएलापासून किंवा दगडमार सोसणाऱ्या स्तेफनापासून होते. हे प्रसंग थोर आहेत, पण चर्चा अनेकदा शौर्याच्या कौतुकातच अडकते. नव्या करारातील पेत्राचे पहिले पत्र या कामाला अधिक उपयोगी पडते, कारण त्यातला छळ बहुतांशी रोजच्या जगण्यातला आहे. पत्र पाच अध्यायांचे आणि १०५ ओव्यांचे आहे. पहिल्या बैठकीत ते सलग, मोठ्याने, मध्ये न थांबता वाचून घ्यावे आणि स्पष्टीकरणाचा मोह तोवर आवरावा.

वाचनाआधी तुर्कस्तानचा नकाशा समोर ठेवावा. पहिल्याच ओवीत आलेले पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया हे रोमी साम्राज्यातले प्रदेश आज त्या देशात येतात. येथे आशिया म्हणजे खंड नव्हे, तर इफिस व स्मुर्णा ही नगरे ज्यात होती तो पश्चिमेकडील प्रांत, हे आधीच सांगितलेले बरे. एवढ्या विस्तृत मुलखात विखुरलेल्या छोट्या मंडळ्यांमध्ये हे पत्र फिरवून वाचले जाणार होते.

दुसऱ्या बैठकीत प्रत्येकाच्या हाती पेन्सिल द्यावी आणि वाचकांना नेमका कोणता त्रास होत होता व तो कोण देत होते, एवढेच शोधायला सांगावे. दुसऱ्या अध्यायाची १२वी ओवी, तिसऱ्याची १६वी, चौथ्याची ४थी आणि १४वी या जागा हमखास सापडतात. तिथे आढळते ती निंदा, चारचौघांतली नाचक्की आणि जुन्या सोबत्यांचा राग, कारण कालपर्यंत मद्यपानात व मूर्तिपूजेच्या उत्सवांत बरोबर असलेला माणूस आज येईनासा झाला आहे. राजाज्ञेने झालेल्या देहदंडाचा स्पष्ट उल्लेख पत्रात नाही. वाळीत टाकणे म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. १८९५ साली कवी ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांना आणि पत्नी लक्ष्मीबाईंना काही वर्षे एकमेकांपासून वेगळे राहावे लागले, एवढी आठवण करून दिली तरी पुरे. मात्र चर्चा टिळकांवरच घसरू देऊ नये.

यापुढची बैठक जुन्या करारातील यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या २९व्या अध्यायाला द्यावी, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळही तिलाच द्यावा. हेही परागंदा लोकांना लिहिलेले पत्रच आहे. इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यहूदाच्या यहोयाखीन राजाला, राजघराण्याला आणि कारागिरांना बाबेलास नेले. हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सारे परत येईल असे छातीठोकपणे सांगत होता. यिर्मयाने उलट कळवले की घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, कारण मुदत ७० वर्षांची आहे. या अध्यायाची आशेचे वचन देणारी ११वी ओवी भिंतीवरच्या कॅलेंडरांवर छापलेली असते, पण ७० वर्षांची मुदत सांगणारी १०वी कोणी छापत नाही. वर्गात दोन्ही एकत्र वाचाव्यात आणि मग विचारावे की पत्र ऐकणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी किती जण परतीचा दिवस पाहू शकले असतील. बाबेलच्या उत्खननात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर यहोयाखीन आणि त्याच्या पाच मुलांना दिल्या जाणाऱ्या तेलाच्या शिध्याची नोंद आहे. राजाचे तेल परक्या कोठारातून मापून येत होते, हा तपशील सांगितला की हद्दपारी म्हणजे काय याची वर्गाला चांगली कल्पना येते.

त्यानंतर पेत्राच्या दुसऱ्या अध्यायातील ११ ते १७ या ओव्या पुन्हा वाचल्या की दोन्ही पत्रांचे नाते ध्यानात येते: परकेपण मान्य करायचे, पण ज्यांच्यात राहतो त्यांचे वाईट चिंतायचे नाही. राजाचा मान राखावा, भय मात्र देवाचे धरावे, हा भेदही पेत्र तिथेच करतो.

लगेच पुढे दासांना उद्देशून लिहिलेला भाग येतो (२:१८–२५), आणि अभ्यासवर्ग घेणाऱ्याची खरी परीक्षा इथे आहे. कठोर धन्याचा मार निमूट सोसा, हे ज्याला सुटकेची कोणतीच वाट नव्हती अशा माणसाला लिहिलेले आहे, आणि त्याच्या दुःखाची सांगड यशयाच्या ५३व्या अध्यायातील दुःख सोसणाऱ्या सेवकाशी घालून पेत्र त्याला मान देतो. घरात मार खाणाऱ्या बाईला हीच ओवी ऐकवून परत पाठवणे हा वचनाचा गैरवापर आहे आणि तो अजूनही होतो. पळून जाणे म्हणजे विश्वास सोडणे नव्हे, हे नव्या करारातूनच दाखवावे. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा, असे येशू शिष्यांना सांगतो (मत्तय १०:२३). पौल दिमिष्काच्या तटावरून पाटीत बसून उतरतो, फटके मारण्याआधी रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगतो आणि शेवटी कैसराकडे न्याय मागतो.

गुन्हेगार म्हणून नव्हे तर ख्रिस्ती म्हणून दुःख सोसावे असे सांगणाऱ्या चौथ्या अध्यायातील १५ आणि १६ या ओव्यांसाठी पवित्र शास्त्राबाहेरचा एक दस्तऐवज जोडावा. इ. स. ११२च्या सुमारास बिथुनिया व पंतचा सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजनला विचारले की गुन्हा सिद्ध झाला नाही तरी केवळ ख्रिस्ती या नावासाठी शिक्षा द्यावी काय. तो आरोपींना पुन्हा पुन्हा विचारी. नाकारणाऱ्यांकडून सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप व द्राक्षारस अर्पण करून घेई आणि ख्रिस्ताला शाप द्यायला लावी. सेविका म्हणवल्या जाणाऱ्या दोन दासींचा त्याने छळ करून जबाब घेतला. यांना शोधत फिरू नये, निनावी तक्रारी घेऊ नयेत, पण सिद्ध झाल्यास शिक्षा द्यावी, असे उत्तर सम्राटाने धाडले. पेत्राचे पत्र याच खटल्यांविषयी आहे असे मात्र सांगू नये. ते त्याआधीचे असावे असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर द्यायला सदैव तयार असा, ही तिसऱ्या अध्यायातील सूचना (३:१५) अशा चौकशीच्या पार्श्वभूमीवर वाचावी, म्हणजे ती वादविवाद जिंकण्याची युक्ती वाटत नाही.

पत्र पेत्रानेच लिहिले का, हा प्रश्न कोणीतरी काढतोच. काही अभ्यासक त्यातील सफाईदार ग्रीकवर बोट ठेवून शंका घेतात, तर काही जण ज्याच्या हातून पत्र लिहिल्याचे पेत्र सांगतो त्या सिल्वानाच्या साहाय्याकडे (५:१२) लक्ष वेधतात. दोन्ही बाजू थोडक्यात सांगून पुढे जावे, कारण शेवटच्या बैठकीसाठी याच पाचव्या अध्यायाची १३वी ओवी राखून ठेवलेली असावी. तिथे बाबेलातील मंडळीचा सलाम येतो आणि बहुतेक भाष्यकार ते नाव रोमसाठी वापरले आहे असे मानतात. यिर्मयाचे पत्र यरुशलेमेहून बाबेलास गेले होते, तर हे बाबेलाहून निघाले आहे. लिहिणारा स्वतःही परक्या नगरीतच बसला आहे हे लक्षात आल्यावर पहिला अध्याय पुन्हा एकदा वाचून घ्यावा.