मॉनिटर कॅलिब्रेट केला तरी कलर चुकतोय? या चुका टाळा

कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजणारं छोटं यंत्र, घेतला, स्क्रीनवर लटकवला, सॉफ्टवेअर सांगेल तसं नेक्स्ट नेक्स्ट करत गेलो, आणि तरी प्रिंट काळपटच येतेय, ही तक्रार मला सारखी ऐकायला मिळते. बहुतेक वेळा यंत्र चांगलंच असतं, गडबड आधी किंवा नंतर झालेली असते.

मुळात दोन वेगळी कामं आहेत ही. कॅलिब्रेशन म्हणजे मॉनिटरचा ब्राइटनेस, व्हाइट पॉइंट (पांढरा किती पिवळट किंवा निळसर दिसतो), गामा (मधल्या छटा किती उजळ दिसतात) ठरलेल्या जागी आणणं, आणि प्रोफाइल म्हणजे तिथे आणल्यावर तो प्रत्यक्षात कोणता रंग कसा दाखवतो याची नोंद. आता प्रोफाइल बनवून झाल्यावर तुम्ही ब्राइटनेसचं बटण दाबलंत, की नोंद एका मॉनिटरची आणि समोर दुसराच, असं होतं. म्हणून एकदा सेटिंग ठरलं की बटणांना हात लावू नका, ऑटो ब्राइटनेस, नाइट लाइट, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट हे सगळं मोजायच्या आधी बंद आणि नंतरही बंदच. एचडीआर मोड (जास्त उजळ-गडद चित्रांसाठीचा मोड) पण बंद करूनच मोजा. आणि मॉनिटर चालू केल्या केल्या मोजायला बसू नका, अर्धा तास तापू द्या.

काळपट प्रिंटचं कारण जवळजवळ नेहमी ब्राइटनेस असतो. नवा मॉनिटर बऱ्याचदा २५० ते ३०० कँडेला प्रति चौरस मीटरवर (हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) झगमगत येतो, प्रिंटसाठी एडिट करायचं तर ८० ते १२० पुरे. मी स्वतः एकदा फुल ब्राइटनेसवर पोर्ट्रेट्स एडिट केले, स्क्रीनवर चेहरे उजळ दिसत होते म्हणून एक्स्पोजर खाली खाली घेत गेलो, आणि प्रिंट हातात आल्या तेव्हा डोळ्यांखालची सावली आणि केस एकच काळा ठिपका झालेले. त्या सगळ्या फाइल्स परत कराव्या लागल्या.

व्हाइट पॉइंट डी६५ (दिवसाच्या उजेडासारखा ठरलेला पांढरा) आणि गामा २.२ ठेवलात तर सहसा अडत नाही. फक्त मॉनिटरच्या मेनूमध्ये लाल, हिरवा, निळा गेन (त्या त्या रंगाचा जोर कमी-जास्त करायची सेटिंग) असेल तर पांढरा आधी तिथेच जुळवा, सगळं ग्राफिक्स कार्डवर टाकलं तर ग्रेडियंटमध्ये (हळूहळू बदलत जाणाऱ्या छटांमध्ये) पट्टे दिसायला लागतात. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा साधा ग्रेडियंट उघडून बघा, पायऱ्या किंवा मधेच गुलाबी हिरवी झाक दिसली तर समजा काहीतरी चुकलंय. काळा रंगच राखाडी, फिकट दिसत असेल तर एचडीएमआयवर लिमिटेड रेंज (काळ्या-पांढऱ्याची आखूड पट्टी पाठवणारी सेटिंग) लागलीये का ते आधी बघा, ते कॅलिब्रेशनने नीट होणारं दुखणं नाही.

सॉफ्टवेअर मॉनिटरचा बॅकलाइट (पॅनलमागचा दिवा) कुठला असं विचारतं, तिथे अंदाजाने काहीही निवडू नका. साधा व्हाइट एलईडी आणि वाइड गॅमट (नेहमीपेक्षा जास्त रंग दाखवणारा) यांचा प्रकाश वेगळा असतो, चुकीचा निवडला तर पांढराच रंगीत होतो. आणि वेगवेगळ्या पॅनलचे दोन मॉनिटर शेजारी असतील तर आकडे तेच येऊनही पांढरा थोडा वेगळा दिसू शकतो, अशा वेळी एक मॉनिटर मुख्य धरा आणि दुसऱ्याचा पांढरा डोळ्यांनी जुळवा.

आता सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक. लोक मॉनिटरचा प्रोफाइल फोटोशॉपच्या कलर सेटिंगमध्ये वर्किंग स्पेस (फाइलचे रंग ज्या ठरलेल्या चौकटीत धरायचे ती) म्हणून टाकतात. तो तिथे नकोच! मॉनिटरचा प्रोफाइल ऑपरेटिंग सिस्टीममध्ये डिस्प्लेला लागतो आणि कॅलिब्रेशनचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा तो स्वतःच लावतं, वर्किंग स्पेस मात्र एसआरजीबी किंवा अॅडोबी आरजीबी या सगळीकडे चालणाऱ्या चौकटींपैकीच ठेवायची. नाहीतर तुमच्या स्क्रीनवर सगळं छान आणि दुसरीकडे त्याच फाइलचे रंग बदललेले. तसंच दुसऱ्या कोणाचा प्रोफाइल डाउनलोड करून लावू नका, मॉडेल तेच असलं तरी पॅनल पॅनलमध्ये फरक असतो.

वाइड गॅमट मॉनिटरवर एखाद्या अॅपमध्ये लाल भडक दिसत असेल तर घाईने सॅच्युरेशन कमी करू नका, ते अॅप बहुधा प्रोफाइल वाचतच नाहीये, तीच फाइल कलर मॅनेज्ड, म्हणजे प्रोफाइल वाचणाऱ्या, अॅपमध्ये उघडून बघा. आणि फोटो अचानक पिवळट दिसायला लागले तर सिस्टीममध्ये तात्पुरता एसआरजीबी प्रोफाइल लावून बघा, पिवळेपणा गेला तर जुना प्रोफाइल खराब आहे, तो काढा आणि परत मोजा.

मी महिन्यातून एकदा मोजतो. कॅलिब्रेटर बराच जुना असेल तर त्याच्यावर पण डोळे झाकून विश्वास नको, काही जुन्या यंत्रांतले फिल्टर कालांतराने फिके पडतात आणि मग मोजमापच चुकतं.