ल्युसर्नला घड्याळाच्या दुकानात शिरताना

स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला टूरची बस श्वानेनप्लात्स चौकात सोडते आणि समोरच बुखरर, ग्युबेलिन ही जुनी दुकानं दिसतात. दारावरचा सुटाबुटातला माणूस पाहून पुष्कळजण काचेबाहेरच रेंगाळतात. खुशाल आत जा. काही न घेता बाहेर पडलात तरी कुणी नाक मुरडत नाही.

आत गेल्यावर बजेट फ्रँकमध्येच सांगून टाका, म्हणजे दोघांचाही वेळ वाचतो. घड्याळ हातात घालून पाहण्याआधी मनगटातलं कडं किंवा बांगड्या काढा. चकचकीत धातूवर ओरखडा लगेच उठतो. फोटो विचारून काढा. रोलेक्सची काही मॉडेलं फक्त मांडून ठेवलेली असतात, त्यांच्यासाठी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

पहिला प्रश्न विचारा: बॅटरीवरचं की ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीवर चालणारं यांत्रिक? क्रोनोमीटर प्रमाणपत्र (अचूकतेच्या चाचणीत उतरल्याचा दाखला) मिळालेल्या यांत्रिक घड्याळालाही दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे जाण्याची मुभा असते. नुसती अचूक वेळ हवी असेल, तर बॅटरीचं साधं घड्याळही याच्याहून सरस ठरतं! दुसरा प्रश्न भारतातल्या सर्व्हिसिंगचा. वॉरंटी कार्डावर तारीख आणि दुकानाचा शिक्का आहे ना, तेही तिथल्या तिथे पाहा.

आता पैसे. कार्डाच्या मशीनवर रुपये की फ्रँक असं विचारलं, तर फ्रँक निवडा. ३०० फ्रँकच्या वर खरेदी असेल तर पासपोर्ट दाखवून करपरताव्याचा फॉर्म मागा. कर ८.१ टक्के असला तरी तो किमतीतच धरलेला असतो. म्हणजे ५,००० फ्रँकच्या घड्याळात कर सुमारे ३७५ फ्रँक, ४०५ नव्हे. त्यातूनही परतावा देणारी कंपनी आपलं शुल्क कापते.

फॉर्मवर शिक्का स्विस कस्टम्सचाच लागतो, तोही ९० दिवसांच्या आत देश सोडताना. पॅरिस किंवा रोमच्या विमानतळावर तो मिळत नाही. शिवाय बसने इटलीत शिरताना युरोपियन युनियनची करमाफी ३०० युरोपर्यंतच आहे. म्हणून माझं मत विचाराल तर महागडं घड्याळ परतीचं विमान झुरिक किंवा जिनिव्हाहून असेल तरच घ्यावं. शिक्का सामान चेक-इन करण्याआधी घ्या. घड्याळ दाखवावं लागू शकतं, ते हँडबॅगेतच असू द्या.

मुंबईत उतरल्यावर घड्याळ मनगटावर आहे म्हणून ड्युटी टळत नाही. ड्युटी-फ्री मर्यादा आणि दर निघण्याआधीच कस्टम्सच्या संकेतस्थळावर पाहून घ्या, परताव्यातून ड्युटीची रक्कम वजा करा आणि मगच घड्याळ तिथे स्वस्त पडतं का ते ठरवा. किंमत मर्यादेबाहेर असेल तर बिल हातात ठेवून लाल चॅनेलने, म्हणजे ड्युटी भरणाऱ्यांच्या वाटेने, जा.