क्वारंटाइन टँक लावताय? या चुका टाळा

नवे मासे मोठ्या टाकीत (मेन टँकमध्ये) सोडण्याआधी वेगळे ठेवायची छोटी टाकी म्हणजे क्वारंटाइन टँक. ‘मासे क्वारंटाइनमध्ये ठेवले म्हणूनच मेले.’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता मी एकच विचारतो, फिल्टरचा स्पंज कुठला लावला होता? उत्तर ठरलेलं: ‘नवीनच, माशांबरोबर घेतला.’

नव्या कोऱ्या स्पंजमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणूच नसतात. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून हा विषारी अमोनिया सुटत राहतो आणि तीस-चाळीस लिटरच्या टाकीत तो साठायला वेळ लागत नाही.

पुण्यातल्या एका मित्राने रविवारी पंधरा निऑन टेट्रा आणले. टाकी त्याच संध्याकाळी धुतली, नळाचं पाणी भरलं, अँटी-क्लोरीन टाकलं, नवा स्पंज लावला. पाणी स्वच्छ, गडी खूश. बुधवारी मासे वर येऊन धापा टाकायला लागले. याने दुसरा एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडला. मग दुकानदाराच्या सांगण्यावरून मिथिलीन ब्लू हे निळं औषध ओतलं, म्हणजे जे चार जिवाणू जीव धरत होते त्यांचाही निकाल लावला. निळं पाणी बघून त्याला वाटलं, उपचार सुरू झाले. मी टेस्ट किट घेऊन गेलो तेव्हा त्याने आधीच निम्मं पाणी बदललं होतं, तरी अमोनियाची नळी पिवळी राहायची ती हिरवीगार झाली, म्हणजे पाण्यात अमोनिया होताच. निम्मे मासे गेले. यावरून साहेबांनी काय धडा घेतला, तर पुढच्या खेपेला क्वारंटाइनच बंद! नवे मासे थेट मोठ्या टाकीत. आठवड्याभरात सगळ्या टाकीला व्हाइट स्पॉट, म्हणजे अंगावर पांढरे ठिपके आणणारा परजीवीचा रोग.

माझ्याकडे मेन टँकमध्ये एक जादा स्पंज फिल्टर कायम चालू असतो. मासे आणायचे त्याच दिवशी तो उचलून क्वारंटाइनला लावायचा. नवा स्पंज असेल तर महिना-दीड महिना आधी मेन टँकमध्ये मुरवा, म्हणजे त्यात जिवाणू वाढू द्या. तो नळाखाली पिळू नका, क्लोरीनने सगळी मेहनत वाया जाते. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका दाबा. एवढं थांबायचं नसेल तर मासे आणायची घाई कशाला? बाटलीतले जिवाणू विकत घेऊन एका रात्रीत टाकी तयार होते, यावर माझा विश्वास नाही. आणि मुरलेला स्पंज लावला तरी खाणं कमी घाला, टेस्ट करत राहा, अमोनिया दिसला की पाव टाकी पाणी बदला.

दुसरी खास चूक: ‘चार दिवस झाले, मासे ठणठणीत आहेत, सोडू का?’ नाही. व्हाइट स्पॉटचा परजीवी आधी कल्ल्यांतच बसलेला असू शकतो, तिथे तो दिसत नाही. पोट भरलं की अंगावरून सुटतो, तळाशी कोष करतो, त्यातून शेकडो पिल्लं निघून पुन्हा मासा शोधतात. पंचवीस अंशांच्या आसपास हे चक्र साधारण आठवड्याचं, थंड पाण्यात त्याहून लांबतं. औषध लागू पडतं ते फक्त पाण्यात मोकळ्या फिरणाऱ्या पिल्लांवर. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवणारा माणूस आठ दिवसांनी पुन्हा फोन करतो. मी चार आठवडे धरतो. मध्येच नवा मासा टाकलात तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

बाकीच्या चुका थोडक्यात. दोन्ही टाक्यांना एकच जाळी वापरू नका. क्वारंटाइनची जाळी, सायफन, बादली वेगळी. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. खाली खडी नको, विष्ठा दिसली पाहिजे. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे पुरतात. औषध घालताना फिल्टरमधला कार्बन काढा, नाहीतर औषध तोच पिऊन टाकतो. कोरीडोरास, लोच असे तळाशी राहणारे मासे असतील तर मीठ आणि रंगीत औषधं बेताने. तांब्याचं औषध वापरलेल्या टाकीत कोळंबी आणि गोगलगाय नको. पुण्या-नाशकाकडे हिवाळ्यात हिटर हवाच, कारण छोटी टाकी रात्रीत गार पडते. नवी झाडंही वेगळी ठेवा, परजीवीचे कोष पानांवर चिकटून येतात.

काही लक्षण नसताना पहिल्याच दिवशी तीन-तीन औषधं घालणाऱ्यांना मी हात जोडतो. आधी बघा: खातोय का, श्वास जोरात आहे का, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी आहे का.

आजारी मासे ठेवलेला स्पंज मेन टँकमध्ये परत लावू नका. थोडे पैसे वाचवायला जाल आणि मोठ्या टाकीत रोग घेऊन जाल. तो फेका, टाकी आणि जाळी कडक उन्हात पूर्ण कोरडी करा, आणि पुढच्या खेपेसाठी दुसरा स्पंज आजच मुरायला टाका.