डेटाबेससाठी सबनेट आखताना: मुंबई रीजनमधलं एक उदाहरण

क्लाउडच्या कामात नव्याने आलेल्यांची सबनेटची (नेटवर्कच्या पत्त्यांच्या तुकड्यांची) आकडेमोड सहसा चुकत नाही. राहून जातो तो पुढचा विचार: एक झोन (रीजनमधला डेटासेंटरांचा स्वतंत्र गट) बंद पडला तर उरलेल्या झोनमध्ये सगळं जागेवर आहे का? ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये आरडीएस या डेटाबेस सेवेवर पोस्टग्रेस डेटाबेस उभारायचा आहे, असं धरू.

व्हीपीसीला, म्हणजे क्लाउडमधल्या आपल्या खासगी नेटवर्कला, १०.२०.०.०/१६ ही पत्त्यांची रेंज द्या. ऑफिसच्या नेटवर्कशी किंवा दुसऱ्या व्हीपीसीशी ही रेंज एकमेकांवर येत नाही ना, हे आधी तपासा. तशी आली तर पुढे पीअरिंग (दोन व्हीपीसी थेट जोडणं) होणार नाही. डॉकर (कंटेनर चालवणारं साधन) आपल्या अंतर्गत ब्रिज नेटवर्कसाठी डीफॉल्टने १७२.१७.०.०/१६ घेतो, त्यामुळे ती रेंज टाळलेलीच बरी.

यातला १०.२०.४८.०/२४ हा तुकडा फक्त डेटाबेससाठी राखा आणि त्याचे /२६ चे चार भाग पाडा. ०, ६४ आणि १२८ पासून सुरू होणारे तीन भाग तीन झोनना, १९२ पासूनचा मोकळा. प्रत्येकात ६४ पत्ते. पहिले चार आणि शेवटचा ॲमेझॉन स्वतःकडे ठेवतं, म्हणून हाती ५९. /२८ घेतलं तर ११च उरतात. सुरुवातीला तेवढे पुरतात, पण रीड रेप्लिका (फक्त वाचनासाठीच्या प्रती) वाढतात आणि बिघाडानंतर नवा इन्स्टन्स (डेटाबेस सर्व्हर) उभा करताना त्या सबनेटमध्ये मोकळा पत्ता लागतोच. सबनेटची रेंज नंतर बदलता येत नाही. चालू डेटाबेस त्याच व्हीपीसीतल्या दुसऱ्या सबनेट ग्रुपमध्ये (डेटाबेससाठी नेमलेल्या सबनेटच्या गटात) सरळ हलवताही येत नाही. असलेल्या ग्रुपमध्ये नवं सबनेट जोडावं लागतं. म्हणून आमचा आग्रह असा की खासगी पत्त्यांत कंजुषी करू नका, त्यांचे पैसे पडत नाहीत.

सबनेट ग्रुपला किमान दोन झोन लागतात, पण तिन्ही घाला. वाचता येणाऱ्या दोन स्टँडबायचं (राखीव प्रतींचं) मल्टी-एझेड, म्हणजे अनेक झोनमधलं, क्लस्टर पुढे हवं झालं तर तीन लागतातच. या सबनेटच्या रूट टेबलमध्ये (ट्रॅफिकच्या वाटा ठरवणाऱ्या तक्त्यात) इंटरनेट गेटवेची वाट नको. सिक्युरिटी ग्रुपमध्ये (कुणाला आत येऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या नियमांत) पोस्टग्रेसचं ५४३२ पोर्ट उघडताना ॲप सर्व्हरचे आयपी लिहू नका, त्यांचा सिक्युरिटी ग्रुपच सोर्स म्हणून द्या. ॲप सर्व्हर नवे आले की आयपी बदलतात आणि नियम जुनाच राहतो.

आता सर्वांत जास्त दुर्लक्षित भाग. डेटाबेस दोन झोनमध्ये, पण ॲप सर्व्हर किंवा नॅट गेटवे (खासगी सबनेटमधून इंटरनेटकडे जायची वाट) एकाच झोनमध्ये, अशी रचना वारंवार दिसते. तो झोन गेला की स्टँडबाय वेळेवर प्रायमरी (मुख्य डेटाबेस) होतो, पण त्याच्याकडे यायला कुणी उरत नाही. ॲप सबनेट आणि नॅट प्रत्येक झोनमध्ये हवेत, आणि प्रत्येक झोनच्या रूट टेबलने आपल्याच झोनचा नॅट वापरावा.

मल्टी-एझेड इन्स्टन्सचं फेलओव्हर (स्टँडबायने प्रायमरीची जागा घेणं) साधारण ६० ते १२० सेकंदांत होतं. एंडपॉइंटचं (ॲप डेटाबेसला जिथे जोडतं त्या पत्त्याचं) नाव तेच राहतं, मागचा आयपी बदलतो. जावा ॲपने जुनं डीएनएस उत्तर (नावावरून मिळालेला आयपी) धरून ठेवलं तर ते जुन्याच पत्त्यावर धडकत राहतं. कॅशची मुदत ३० सेकंदांच्या आत ठेवा. लाइव्ह जाण्याआधी ‘रीबूट विथ फेलओव्हर’ करून पाहा. एका टर्मिनलवर एंडपॉइंटचा आयपी दर दोन सेकंदांनी छापत ठेवा, दुसऱ्यावर ॲपचे लॉग. आयपी बदलल्यावरही लॉगमध्ये कनेक्शन टाइमआउट येत राहिले, तर आधी डीएनएस कॅश आणि कनेक्शन पूल (ॲपने उघडून ठेवलेली कनेक्शन्स) तपासा.