ओहोटीत चालत बेटावर आणि तिथून माथ्यावर: या चुका टाळा

ओहोटीला पाणी उतरलं की किनाऱ्यावरून चालत जाता येतं, अशी छोटी बेटं जगभर आहेत. त्यांचे माथे फार उंच नसतात, त्यामुळे डोंगर चढण्याची सवय असलेल्यांना ते किरकोळ वाटतात. चढ खरोखर सोपाच असतो. लोक अडकतात ते वेळेच्या हिशोबात, आणि तोही पुन्हा पुन्हा एकाच जागी चुकतो.

ती जागा म्हणजे ओहोटीची वेळ हीच निघायची वेळ समजणं. भरती-ओहोटीच्या तक्त्यात 'ओहोटी ११:००' दिसली की सगळे अकराला किनाऱ्यावर जमतात. पण अकराला पाणी सर्वांत खाली असतं, म्हणजे तिथून पुढे ते चढणारच. समजा, वाट ओहोटीच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंत उघडी असते, म्हणजे ९ ते १. पलीकडे जायला २५ मिनिटं, माथ्यावर पोहोचायला ४०, वर २० आणि उतरायला ४०. अकराला निघालेला गट ११:२५ ला बेटावर, १२:०५ ला माथ्यावर आणि १:०५ ला परत वाटेच्या तोंडाशी येतो. कोणी रेंगाळलेलं नसतं, कोणाचा पाय मुरगळलेला नसतो, तरीही वाट पाच मिनिटांपूर्वी बंद झालेली असते आणि अजून २५ मिनिटांचं चालणं बाकी असतं. हाच गट सव्वानऊला निघाला असता तर पावणेबाराला किनाऱ्यावर परत असता, सव्वा तास हातात राखून.

'पाच मिनिटांनी काय बिघडतं?' हा प्रश्न हमखास येतो. भरती एकसारख्या वेगाने चढत नाही. ढोबळ नियम बाराव्या भागांचा: एकूण चढाचे बारा भाग धरले तर सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ भाग चढतं. ओहोटी-भरतीत ४ मीटरचा फरक असेल तर पहिल्या तासात जेमतेम ३३ सेंटीमीटर, दुसऱ्यात ६७ आणि तिसऱ्या तासात पूर्ण १ मीटर. म्हणजे १ वाजता जिथे पाऊल भिजतं, तिथे दीडला गुडघ्यापर्यंत पाणी असतं आणि दोनला कमरेपर्यंत. पहिल्या तासात पाणी फारसं हललं नाही म्हणून निर्धास्त झालेले लोक नेमके या तिसऱ्या तासात सापडतात.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. वाटेचा सर्वांत सखल भाग बेटाला लागून असतोच असं नाही. कित्येकदा तो मधोमध किंवा किनाऱ्याच्या बाजूला असतो. बेटावरून पाहिलं तर समोरचे खडक कोरडे दिसतात आणि पलीकडचा ओहोळ केव्हाच भरलेला असतो. म्हणून जातानाच तो सखल भाग ओळखून ठेवा, तिथला एखादा ठळक दगड लक्षात ठेवा आणि माथ्यावरून आधी तो दगड बघा, फोटो नंतर. फोनमध्ये दोन गजर लावा: एक माथा सोडायच्या वेळेचा, दुसरा त्याच्या १५ मिनिटं आधीचा. माथा सोडायच्या वेळेचा गजर वाजेपर्यंत माथा आला नसेल तर तिथूनच मागे फिरा. 'आता दहाच मिनिटं राहिली' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. आणि सगळी गणितं गटातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या वेगाने करा.

दुसरी चूक याहून जिवावर बेतणारी: वाट बुडालेली दिसल्यावर पाण्यात उतरणं. पाणी बेटाच्या दोन्ही बाजूंनी येतं, वाटेवर लाटा एकमेकींना छेदतात, खालचे दगड दिसत नाहीत. वाहतं पाणी गुडघ्याएवढं असलं तरी माणसाला आडवं करतं. अशा वेळी बेटावरच थांबायचं, भरतीच्या रेषेच्या बऱ्याच वर. वेल्समधल्या वर्म्स हेड या बेटाची खडकाळ वाट ओहोटीच्या आधी आणि नंतर अडीच-अडीच तास पार करता येते, आणि तिथेही अडकलेल्यांना हेच सांगितलं जातं: पोहू नका, चालत येऊ नका, थांबा. दोन ओहोट्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. वरच्या उदाहरणात पुढची ओहोटी रात्री ११:२५ ला, म्हणजे वाट ९:२५ च्या सुमारास उघडणार, तीही अंधारात. म्हणून एक उबदार जाकीट, वारा अडवणारा कोट, डोक्याला लावायचा टॉर्च, पाणी आणि खाणं प्रत्येकाच्या पाठीवर हवं. अडकलात तर सुखरूप असलात तरी बचाव दलाला कळवा (ब्रिटनमध्ये ९९९ लावून कोस्टगार्ड मागा), म्हणजे पुढचं काय ते त्यांना ठरवता येतं.

बाकीच्या चुका थोडक्यात.

तक्ता कोणत्या घड्याळाचा आहे ते बघा. ब्रिटनमधले काही तक्ते वर्षभर जीएमटीत (ग्रीनिच प्रमाणवेळेत) असतात, उन्हाळ्यात तास मिळवावा लागतो. ॲपने तो आधीच मिळवलेला असताना तुम्ही पुन्हा मिळवलात, तर परतायला तासभर उशीर ठरलेलाच.

कालची वेळ आज चालत नाही, ती रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे जाते. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास) पाणी खोलवर उतरतं पण तितक्याच झपाट्याने चढतं. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या सुमारास, भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा) काही वाटा नीट उघडतच नाहीत.

हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की पाणी सुमारे १ सेंटीमीटर वर राहतं, वर किनाऱ्याकडे वारा असेल तर आणखी. वादळी दिवशी तक्त्यावर विसंबू नका, जाऊच नका.

सरळ रेषेचा मोह सोडा. इंग्लंडमध्ये वेस्ट कर्बीहून हिल्ब्रे बेट समोर दिसतं, पण जायचं असतं आधी लिटल आय, मग मिडल आय, मग हिल्ब्रे. आडवं गेलात की चिखल आणि ओहोळ.

अनवाणी नको, गुळगुळीत तळव्याचे बूटही नकोत. बार्नॅकलांच्या (खडकांना चिकटलेल्या छोट्या कवचधारी जीवांच्या) खरखरीत थरावर पाय धरतो, हिरव्या शेवाळावर हमखास घसरतो. हात दोन्ही मोकळे ठेवा.

आणि पक्ष्यांचा हंगाम बघून जा. वर्म्स हेडचं समुद्राकडचं टोक १ मार्च ते ३१ ऑगस्ट बंद असतं. त्या दिवसांत माथ्याचा हट्ट धरू नका, घरट्यांवरून उडालेला पक्षी अंडी उघडी टाकून जातो.